वहिनीच्या मापाची बंदूक

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या आमच्या त्या घराला खिडक्या होत्या असं म्हणायला मला अजूनही जड जातं. भिंतीत रुंद मोकळ्या चौकटी होत्या आणि त्यांत एकाखाली एक काचेच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. बाजूची दांडी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम तिरक्या होत आणि वारा घरभर फिरे. घर खांबांवर उभं होतं. खाली गाडी, वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या दोऱ्या, वर आम्ही. छताचे पंखे कधी बंद नसत. पाली भिंतीवर चुकचुकत आणि अंधार पडला की लांब पायांचा एक करडा पक्षी मागच्या गवतात येऊन ओरडे. त्याचं ओरडणं थेट बाई रडल्यासारखं असे. पहिल्या आठवड्यात मी दचकून उठले तेव्हा वहिनी म्हणाली, "झोप गं, पक्षी आहे. मीसुद्धा आले तेव्हा तुझ्या दादाला बॅटरी घेऊन खाली पाठवलं होतं." तेव्हा ती हसून सांगत होती.

मी नर्सिंग शिकायला आले होते. आमच्या वडूजच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा दादाने आणला, इंजिनियरिंगचा. त्यानेच मला इथल्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे युनिला, बोलावलं, फी भरली, मागची खोली दिली. अण्णांनी मला बारावीपर्यंत आणलं, पुढचं सगळं दादा-वहिनीचं. आता माझे दोन-चार केस पांढरे झाले, पुष्कळ पेशंट या हातांखालून गेले, तरी कुणी माझं कौतुक केलं की मला ती मागची खोली आठवते. वहिनीने तिथे टेबल लावून ठेवलं होतं आणि टेबलावर कैरीच्या लोणच्याची बरणी, कारण स्वयंपाकघरात जागा नव्हती. कैऱ्या रस्त्यावरच्या झाडांच्या, कुणीही तोडाव्यात. शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता रविवारच्या बाजारातला. ज्वारीचं पीठ मिळायचं ते जरा जुनाट असे, भाकरीला चिरा पडत, पण वहिनी फलटणची, भाकरीवर तडजोड करणारी नव्हे. शेंगदाण्याचं कूट ती एवढं करून ठेवी की आमच्या घरी आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्याला एकच खमंग वास असे.

दादा गॅसच्या कंपनीत होता. साईट दूर, विमानाने जायचं, दोन आठवडे तिकडे आणि मग दोन आठवडे घरी. तो घरी असला की घर लग्नघरासारखं. तो गेला की वहिनी, दीड वर्षांचा ओम आणि मी. वहिनीला गाडी चालवता येत नव्हती, आणि डार्विनमध्ये गाडी नाही तर पाय नाहीत. पण ती तक्रार करत नसे. रेडिओ लावून कामं करी, ओमशी मोठमोठ्याने बोले, समोरच्या गॅलरीतल्या म्हातारीला इकडूनच हाक मारी, "हॅलो डिअर!" तिचा आवाज खणखणीत होता. फलटणच्या शाळेत प्रार्थना तीच सांगायची म्हणे.

ते झालं तेव्हा दादा साईटवर होता आणि मी युनिला. दुपारची वेळ. वहिनी ओमला आंघोळ घालत होती, न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं. तिला फ्रिज उघडल्याचा आवाज आला. तिला वाटलं मी लवकर आले, म्हणून तिने हाक मारली, "सुरेखा, ताक आहे बघ खालच्या कप्प्यात." उत्तर आलं नाही. मग डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आणि कुणीतरी नाकाने गाणं गुणगुणतंय. तेव्हा तिला कळलं. तिने कडी लावली, ओमला पाण्यातच कुशीत घेतलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून बसली. खाली गाडी सुरू होऊन निघून गेल्यावरसुद्धा ती बाहेर आली नाही. मी आले तेव्हा पाणी गार झालं होतं आणि ओमच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

आलेल्याने मागच्या गॅलरीतल्या काचेच्या पट्ट्या एकेक काढून भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. गाडीची किल्ली, दादाचा लॅपटॉप आणि अर्धा डबा श्रीखंड गेलं होतं. चमचा सिंकमध्ये ठेवला होता. पोलिस आले, दोघे तरुण, फार सौजन्याने बोलले. म्हणाले, गाडीसाठी येतात, माणसांना सहसा हात लावत नाहीत. वहिनी मला मराठीत म्हणाली, "त्यांना विचार, मी आत बसले होते तेव्हा मला हे कसं कळायचं?" मी विचारलं नाही. गाडी दोन-तीन दिवसांनी समुद्राकाठी सापडली, पेट्रोल संपलेली, बाकी धड.

गाडी परत आली, वहिनीचा आवाज मात्र गेला. ती कुजबुजल्यासारखं बोलू लागली, ओमशीसुद्धा. रेडिओ बंद, कारण रेडिओ लावला तर पावलं ऐकू येणार नाहीत. पट्ट्या मिटून ठेवायची, आत भट्टी झाली तरी. ओमची आंघोळ मी घरी असेन तेव्हाच, आणि दाराला खुर्ची. गवतातला पक्षी ओरडला की उठून बसे. दादा आला त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं आणि शांतपणे सांगितलं, "मी ओमला घेऊन फलटणला जाते. तुम्ही येऊन-जाऊन राहा."

"किती दिवस?"

"दिवस नाही. जातेच."

दादा हातातला घास धरून बसला. मी ताटाकडे बघत राहिले. वहिनी गेली तर हे घर दादा एकट्यासाठी ठेवणार नव्हता, मला होस्टेल बघावं लागणार, हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि त्याची लाजही वाटली. दादाला दुसरंच सुचलं. तो म्हणाला, "एक महिना थांब. मी बंदूक घेतो."

हे त्याला सुचणं आमच्या घराला धरूनच होतं. अण्णा मिलिटरीतून आले ते जिल्हा बँकेच्या शाखेत गार्ड म्हणून लागले, स्वतःच्या परवान्याची दुनळी घेऊन. त्या दुनळीने आम्हाला वाढवलं. खंडेनवमीला पाटावर मधोमध ती, तिला झेंडूची माळ, डाव्या बाजूला आईचा विळा, उजव्या बाजूला दादाची पुस्तकं आणि माझी कंपासपेटी. काडतुसं आई कुठे ठेवी ते अण्णांनासुद्धा ठाऊक नसे, रोज सकाळी डब्याबरोबर ती हातात देई. अण्णांनी त्या बंदुकीतून बँकेत एकदाही बार काढला नाही. पण बंदूकवाल्याचं घर म्हणून गल्लीत आम्हाला एक मान होता, आणि तो मान म्हणजेच सुरक्षितपणा असं आम्ही दोघंही समजत आलो होतो.

व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. "दुनळीच घे," म्हणाले. "रायफल नगं. तुझं घर बघितलंय मी ह्या फोनात, फळ्यांच्या भिती. गोळी हितनं सुटली की शेजारच्या लेकराच्या पाळण्यात. छर्रा बरा. आन् हलकी बघ, सूनबाईला उचलाया यायला पायजे."

"अण्णा, इथे पंपवालीपण असते म्हणे, एकामागून एक पुष्कळ बार काढणारी."

"तमाशा हाय त्यो. दोन नळ्या बास. दोन बारात न्हाई गेला त्यो तिसऱ्यात जातोय व्हय?"

मागून आई म्हणाली, "आवं, पोरीला ईचारा की आदी काय पायजे." अण्णा म्हणाले, "तिलाच तर घ्याची हाय."

दादा कामाला लागला. तो ज्या पद्धतीने शिकला होता त्याच पद्धतीने: सगळं वाचायचं, टिपणं काढायची आणि फाईल करायची. अण्णांच्या परवान्याच्या वेळचं त्याला आठवत होतं. तहसील, पोलिस ठाणं, सगळीकडे एकच सिद्ध करायचं, की आम्हाला धोका आहे. धोका जेवढा मोठा तेवढा परवाना पक्का. म्हणून त्याने पोलिसांच्या तक्रारीची प्रत लावली, रचलेल्या पट्ट्यांचे फोटो लावले, समोरच्या म्हातारीकडून दोन ओळी लिहून घेतल्या, आपण महिन्यातून निम्मे दिवस घरी नसतो याचं कंपनीचं वेळापत्रक लावलं, आणि वहिनीला झोप लागत नाही असं डॉक्टरचं पत्र. परवान्याचा अर्ज द्यायच्या आधी कुठली बंदूक घ्यायची ते नक्की करू म्हणून आम्ही चौघं शनिवारी बंदुकांच्या दुकानात गेलो, ओम प्रॅममध्ये.

दुकान चालवणारी बाई साठीची होती, शेरिल नावाची, चष्मा दोरीने गळ्यात. तिच्यामागे भिंतीवर बंदुका ओळीने, आणि काउंटरवर कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं. तिने आधी ओमला बिस्किट दिलं, मग विचारलं, "काय हवंय? कशासाठी?"

"घराच्या रक्षणासाठी," दादा म्हणाला, आणि फाईल उघडली.

तिने हात वर केला. "थांब, मेट. हे मी ऐकलं नाही. आणि पोलिसांच्या काउंटरवर तर अजिबात म्हणू नकोस."

दादाला वाटलं पुरावा कमी पडतोय. त्याने घाईघाईने डॉक्टरचं पत्र काढून पुढे सरकवलं. "माझी बायको झोपत नाही. हे बघा."

शेरिलने पत्र वाचलं. सगळं वाचलं. मग घडी घालून त्याला परत दिलं. "हे जितकं खरं, तितका परवाना तुझ्यापासून लांब. शेत असेल, शिकार असेल, नेमबाजीचा क्लब असेल, तर ते कारण. माणसापासून स्वतःला वाचवायचं हे इथे कारणच धरत नाहीत. तू सगळी फाईल नाकारायच्या बाजूने बनवून आणली आहेस."

मी वहिनीला मराठीत सांगत होते. दादाचे कान लाल झाले होते. एवढ्या परीक्षा पास झालेला माझा भाऊ, त्याला असा चुकलेला मी प्रथमच पाहत होते. तो म्हणाला, "पण लोकांच्या घरी बंदुका असतात."

"असतात की. भिंतीला बोल्ट मारलेल्या तिजोरीत. गोळ्या वेगळ्या कुलपात. ज्याचा परवाना त्याच्याच जवळ किल्ली."

इथे वहिनी पहिल्यांदा बोलली. तिचं इंग्रजी तिने स्वतः बाजारात जमवलेलं होतं. "ही गो साईट. टू वीक. देन की?"

शेरिल दादाकडून वळून तिच्याकडे बघू लागली. "किल्ली त्याच्याबरोबर जाते, डार्लिंग. तू त्या तिजोरीला हातसुद्धा लावायचा नाहीस."

वहिनीने प्रॅम आपल्याकडे ओढली. मग दादाला म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही घरी असाल तेव्हा बंदूक. आणि तुम्ही घरी असता तेव्हा मला भीती वाटतच नाही." दादाने फाईल मिटली.

निघायचंच होतं, पण दादाला रिकाम्या हाताने निघवेना. एकदा दुनळी बघू तरी द्या, म्हणाला. शेरिलने परवान्याशिवाय विकत नाही हे पुन्हा बजावलं, एक दुनळी काढली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि ती दादाला न देता वहिनीच्या खांद्याला लावून पाहिली. मागचा लाकडी दस्ता तिच्या हाताला बराच लांब पडत होता. "ही त्याच्या मापाची," ती म्हणाली. "तुला आखूड दस्ता हवा. बंदूक बुटासारखी असते, दुसऱ्याच्या मापाची घेतलीस तर तुलाच चावते." मग सहज म्हणाली, "रविवारी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर बायका येतात, मातीच्या तबकड्या फोडायला. बंदूक आमची, शिकवणारे आमचे. घरासाठी नाही हं. मजा म्हणून. येऊन बघ."

त्या संध्याकाळी केदार आला. पुण्याचा, सरकारी खात्यात आयटीत, दादाचा इथला एकुलता एक जवळचा मित्र. त्याला सगळं हास्यास्पद वाटलं. "अरे यार, तू सरळ क्लब जॉईन कर, अर्जात लिही टार्गेट शूटिंग, विषय संपला. कोण घरी येऊन विचारतंय?"

"आणि मनात घर राखायचं?" दादा म्हणाला.

"मनातलं लिहायला कॉलम नसतो रे."

दादा हो म्हणायच्या बेतात होता हे मला दिसत होतं. अण्णांनीही फोनवर तेच सांगितलं, वर विचारलं, "घर राखाया न्हाई, मग बंदूक देत्यात कशाला त्ये?" वहिनी ओमला भरवत होती. ती म्हणाली, "लिहा. पण ती आणून काय करणार? मी आत न्हाणीघरात, बंदूक बाहेर तिजोरीत, किल्ली विमानात." दादाने मग बोलणं थांबवून तिचं आणि ओमचं तिकीट काढलं, पुढच्या सुट्टीतल्या रविवारचं. साईटवर जाताना त्याने मला खाली गाडीपाशी सांगितलं, "सुरे, तिला एकटी सोडू नकोस." मी क्लासच्या वेळा बदलून घेतल्या.

रविवारी दुपारी मीच म्हटलं, चल, त्या बाईकडे जाऊन येऊ. वहिनीला बंदुकीत काही रस नव्हता. पण दुपार म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि दुपारी घराबाहेर कुठेही जायला ती तयार होती. गाव मागे टाकून लाल मातीच्या रस्त्याने आम्ही टॅक्सीने गेलो. पत्र्याची शेड, दोन-चार गाड्या, आणि टोप्या घातलेल्या सात-आठ बायका. एक बँकेत, एक शाळेत, एक नुसतीच आजी. ओमच्या कानांवर त्यांनी छोटे हेडफोनसारखे रक्षक बसवले आणि मी त्याला घेऊन दोरीमागे बसले. शेरिलने वहिनीला आखूड दस्त्याची बंदूक दिली, पाय कसे ठेवायचे, गाल कुठे टेकवायचा ते दाखवलं. तबकडी फेकणारं यंत्र जरा दूर होतं, त्यावर एक म्हातारा बसला होता. नेम धरणाऱ्याने 'पुल', म्हणजे 'ओढ', असं ओरडायचं, की तो कळ दाबणार.

वहिनी म्हणाली, "पुल." माझ्यापर्यंतसुद्धा आवाज आला नाही. म्हाताऱ्याने कानाला हात लावला. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा काही नाही. मागून त्या आजीबाई म्हणाल्या, "मोठ्याने, लव्ह! त्याला बायकोचंही ऐकू येत नाही." सगळ्या हसल्या. वहिनीने बंदूक खाली केली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता परत येते. तिने पुन्हा गाल टेकवला आणि शाळेच्या पटांगणात ऐकू जाईल अशी ओरडली, "पुल!" केशरी तबकडी वर गेली, बार झाला, तबकडी तशीच पलीकडे गवतात पडली. तिचा खांदा मागे हिसकला गेला. ती म्हणाली, "पुल!" तिसरीही गेली, चौथीही. त्या दुपारी तिने एकही तबकडी फोडली नाही. घरी येऊन खांद्याला हळद लावून घेताना तिने पोलो शर्टची बाही वर केली. केवढा काळानिळा डाग! आणि मला म्हणाली, "मी त्या यंत्राच्या आधी बार काढतेय. थांबायला शिकायला हवं."

मी हे कुणाला उपाय म्हणून सांगत नाही. मी नर्स आहे, बंदुकीने काय होतं ते इमर्जन्सीत पाहिलं आहे, आणि अण्णांशी त्यांच्या शेवटच्या वर्षांत यावर भांडलेही आहे. वहिनीची भीतीही बंदुकीने गेली नाही. बंदूक तिथेच रेंजवर राहायची, घरी कधी आलीच नाही. न्हाणीघराला कडी ती आजही लावते. पण त्या रविवारनंतर तिने रेडिओ लावला, हळू आवाजात का होईना. आजीबाई तिला सोमवारी गाडी शिकवायला येऊ लागल्या. समोरच्या गॅलरीला पुन्हा हाक जाऊ लागली. दुसऱ्या रविवारी पहिली तबकडी फुटली तेव्हा वहिनी इतकी चकित झाली की पुढची सोडायला सांगायचंच विसरली.

दादा सुट्टीवर आला, बॅग ठेवली, आणि आल्याआल्या मोठ्या सूटकेसा माळ्यावरून काढून ठेवल्या. वहिनी आमटीला फोडणी देत होती. तो म्हणाला, "भरायला घेऊ का? रविवारी पहाटे निघायचंय."

"या रविवारी?"

"तिकीट रविवारचं आहे ना."

वहिनीने गॅस बारीक केला. "या रविवारी कसं जमेल? आमची मॅच आहे. सहा जणींचा संघ आहे, मी सहावी."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला साईटवर फोनवर वहिनीने एवढंच सांगितलं होतं की दुपारी बाहेर जातो. "आणि घरातली भीती?" त्याने विचारलं.

"आहे. ती काय चार दिवसांत जाते? पण फलटणला जाऊनही ती असतीच. तिथे मी ती कुणाला ओरडून सांगणार?" मग म्हणाली, "तुम्ही ते साईटचं बघा. गावातल्या वीजकेंद्रात माणसं लागतात म्हणाला होतात. मी थांबते, पण कायम असं अर्धं घर नको." दादाने मान हलवली. त्याने पुढे ती नोकरी धरली, हुद्द्याने लहान होती ती. त्या क्षणी मात्र तो फक्त सूटकेसा उचलून परत माळ्यावर ठेवायला गेला.

रविवारी आम्ही सगळे रेंजवर होतो. ऊन रणरणत होतं, आजीबाईंनी लिंबाचं सरबत आणलं होतं, आणि वहिनीचा संघ शेवटून दुसरा आला. ती लाल मातीत पाय रोवून उभी राहिली, मोठ्याने ओरडली, आणि केशरी तबकडीचा आकाशात चुरा झाला. ती लगेच मागे वळली, दादाने पाहिलं का ते बघायला. दादाच्या मांडीवर ओम होता. त्याच्या कानांवरचे रक्षक सारखे घसरत होते, म्हणून दादाने दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरले होते. त्याला टाळी वाजवता येईना. तो नुसता जोरजोरात मान हलवत राहिला.